शे-दोनशे मीटरनं काय बिघडतं?

"विमान दहा किलोमीटर वर असतं. मग रिसीव्हरची जागा शे-दोनशे मीटर इकडेतिकडे झाली तर काय बिघडतं? तुम्ही एवढे मागे का लागता?" विमानांचे सिग्नल पकडून ती नकाशावर दाखवणाऱ्या आपल्या ग्रुपमध्ये नवा रिसीव्हर जोडणारे बहुतेक सगळे, नेमकी जागा मागितली की मला हे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगतो.

एडीएस-बीपुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. त्यात विमान आपली जागा स्वतःच 1090 मेगाहर्ट्झवर सांगत असतं. तुमचा अँटेना गच्चीवर आहे की कौलांवर, त्याला काही फरक पडत नाही. पण जे विमान जागा सांगत नाही, ते एमलॅटनं शोधावं लागतं: एकच सिग्नल चार-पाच रिसीव्हरांकडे किती फरकानं पोचला, यावरून. रेडिओलहर 1 मायक्रोसेकंदात सुमारे 300 मीटर जाते. तुमचे शे-दोनशे मीटर थेट त्या फरकात घुसतात. त्यात गोव्यात पश्चिमेला समुद्र. पेडण्यापासून काणकोणपर्यंत आपण सगळे एका पट्टीत. विमान समुद्रावर गेलं की सगळे त्याला एकाच बाजूनं ऐकतात आणि लहान चूक फुगत जाते.

फोंड्याकडे एक मास्तर आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः पाइप कापून अँटेना उभा केला. डोंगराआड गेल्यामुळे आम्हाला न मिळणारी, खाली उतरत असलेली विमानं त्यांच्याकडे मिळायची. पण एमलॅटवरची विमानं नकाशावर नागमोडी जायला लागली आणि सिंकच्या, म्हणजे रिसीव्हरांची घड्याळं जुळतात का ते दाखवणाऱ्या, तक्त्यात मास्तरांचा रिसीव्हर कुणाशीच धड जुळेना. पावसाळा होता. सगळे म्हणाले, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असणार. मास्तर भर पावसात शिडी लावून टेप बदलून आले. मला ते पटत नव्हतं, कारण पाणी गेलं असतं तर येणारे संदेश घटले असते, आणि ते होते तेवढेच होते. मग एक गोष्ट दिसली. त्यांच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेल्या विमानांवर वेळा जुळत होत्या. पूर्व-पश्चिमेच्या विमानांवर फिसकटत होत्या. घड्याळ बिघडलं तर ते दिशा बघत नाही. जागाच चुकली होती.

फोन केला. मास्तर शांतपणे म्हणाले, "मी देवळाची जागा घातलीय. घर तिथून पश्चिमेला, जवळच."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. दिवसा घरात बायको एकटी असते. आमच्या दारापर्यंत आणणारे आकडे जगाला कशाला देऊ?"

नकाशावर जागा लपवायची सोय आहे, असं मी सांगितलं.

"पण सर्व्हरवर तर राहतातच ना?"

राहतात. यावर मला काही बोलता आलं नाही.

तोवर ग्रुपमध्ये कुणीतरी लिहून टाकलं होतं, की मास्तरांमुळे सगळ्यांचा डेटा नासला. ते त्यांनी वाचलं आणि रिसीव्हर काढून ठेवला. आता त्या भागात एमलॅटला चौथा रिसीव्हर मिळत नाही. मग लोक मलाच विचारतात, आवाज तर ऐकला, विमान कुठे गेलं?

जागा मागणं चूक नव्हतं, हे मी आजही म्हणेन. तिच्याशिवाय गणितच होत नाही. रिसीव्हरांची घड्याळं एकमेकांशी जुळवतानाही तीच धरलेली असते. पूर्वी मी पुढे जाऊन असंही म्हणायचो, की ज्याला ठिकाण द्यायचं नाही त्यानं यात पडूच नये. ते आता म्हणवत नाही, कारण मास्तरांची भीती मला खोटी ठरवता आलेली नाही. पण "अंदाजे द्या, चालेल" असंही म्हणवत नाही. एकाच्या अंदाजानं शेजारच्या चौघांची मेहनत वाया जाते. या दोन्हींच्या मधली वाट मला सापडलेली नाही.

तेव्हा नेमकी जागा आणि अँटेनाची उंची द्यायची तयारी असेल तर एमलॅट चालू करा. नसेल तर ते बंद ठेवून नुसता एडीएस-बी पाठवा. मास्तरांनाही मी हेच सुचवलं. ते "बघू" म्हणाले. तुम्ही एमलॅट बंद ठेवलंत तर मी कारण विचारणार नाही, आणि ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणाला विचारूही देणार नाही.