लैला, भाग ४ : कोडाचा सूर सापडला!

रविवारी रात्री साडेअकराला माझी स्लाइड (गिटारच्या तारांवर सरकवायची नळी) पहिल्यांदा एरिक क्लॅप्टनच्या ‘लैला’ या गाण्याच्या पियानोत मिसळली. तीन आठवडे ज्याने छळलं ते एकदाचं सुटलं, म्हणून लगेच लिहितोय.

रिफ (सुरुवातीची, पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून) आता पूर्ण वेगात बसली आहे. रिफमधल्या डी मायनरवरून कडव्यात सी शार्प मायनरवर उतरतानाही बोटं अडखळत नाहीत. ती उतरण मला फार आवडते. एवढा आकांत चाललेला असतो आणि गायला तोंड उघडताच सगळं अर्ध्या सुराने खाली बसतं. क्लॅप्टनने हे 1970 साली लिहिलं ते पॅटी बॉइडसाठी, म्हणजे जिवलग मित्राच्या, जॉर्ज हॅरिसनच्या बायकोसाठी. नाव निजामीच्या लैला-मजनूवरून घेतलं. असं प्रेम मोठ्याने सांगायची सोय नसते, ते त्या उतरणीत ऐकू येतं.

घोडं अडलं होतं कोडापाशी, म्हणजे गाण्याच्या शेवटच्या पियानोच्या भागापाशी. पियानो सुरू झाला की माझी गिटार बेसूर. ट्यूनर हिरवा (म्हणजे तारा सुरात), तरी बेसूर! आधी इंटोनेशनवर (दांडीवर सगळीकडे सूर बरोबर लागतो की नाही त्यावर) संशय घेतला. सेटअपला दिली, तर दुकानदाराने नेकच (गिटारची दांडी) वाकलीय म्हणून सांगितलं आणि पैसे घेतले. नेक सरळच होती. मग नव्या तारा लावल्या, 9 च्या काढून जाड 11 च्या. स्लाइडला त्या चांगल्याच (काच दाबली तरी फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या तारेला, टेकत नाही), पण सूर जिथल्या तिथे.

शेवटी तानपुऱ्याचं अॅप काढलं आणि कोडावर लावलं. पांढरी एक लावली तर खाली पडते, काळी एक लावली तर वर जाते. फाइन ट्यूनिंग हळूहळू सरकवत नेलं आणि मधेच एका जागी तानपुरा आणि पियानो एक झाले. अंगावर काटा आला. कोडा नंतर रेकॉर्ड करून जोडलेला आहे आणि टेपचा वेग किंचित वाढवलेला, त्यामुळे तो दोन पट्ट्यांच्या मधे बसलाय. माझ्या गिटारीत काही खोट नव्हतीच.

स्लाइडला फ्रेटचं बंधन नाही. काच फ्रेटच्या तारेवर बरोबर न धरता केसभर पुढे धरली की झालं. पितळी स्लाइड मी बाजूला ठेवली आहे, तिचा आवाज या गाण्याला कडक वाटतो. या गाण्यात स्लाइड वाजवणारा ड्युएन ऑलमन कोरिसिडिन या सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली अनामिकेत घालायचा. मीही जाड काचच घेतली. मागे मधलं बोट तारांवर हलकं टेकवून ठेवलं की खरखर जाते.

पुढचं काम कोडाच्या अगदी शेवटी येणाऱ्या पक्ष्यासारख्या आवाजाचं. तिथे काच फ्रेटबोर्ड संपल्यावरही पुढे जाते, पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाच्या) दिशेने. खाली बघायला फ्रेटच नाहीत, सगळी मींड कानावर. आधी टॅब (तारा-फ्रेटच्या आकड्यांत लिहिलेली धून) शोधणार होतो, पण लिहिता लिहिता वाटलं, तानपुरा त्याच अधल्यामधल्या पट्टीत लावून आधी गळ्याने म्हणून बघावं. आणि दुसरी गिटार कोडापुरती तेवढीच चढी लावून ठेवतो, म्हणजे मोकळ्या ताराही वाजवता येतील.

अॅप लावलंय. पहिली मींड पंचमावरून घेतोय.