ट्रंकेतले 185 शेअर

"रद्दीत घालायच्या आधी म्हटलं एकदा दाखवावं. बँक तर बुडाली म्हणं," असं म्हणत काकूंनी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. सांगलीतल्या एका सीएंच्या ऑफिसात मी वीस वर्षं रिटर्न भरतोय. असल्या पिशव्यांतून बहुतेक वेळा मुदत संपलेल्या विम्याचे कागद निघतात.

ही निघाली सांगली बँकेची शेअर सर्टिफिकेटं, काकूंच्या सासऱ्यांच्या नावची. 2019 च्या पुरात ट्रंकेत पाणी शिरलेलं, चारही कागद एकमेकांना चिकटलेले. स्टीलच्या पट्टीनं हळूहळू सोडवले, पंख्याखाली वाळत घातले. शाई फुटून आडनाव गेलं होतं. फोलिओ नंबर, म्हणजे शेअरधारकाचा खातेक्रमांक, मात्र शाबूत. एकूण शेअर 185.

"बुडाली नाही हो, दुसऱ्या बँकेत गेली."

1916 साली निघालेली सांगली बँक एप्रिल 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. आयसीआयसीआयनं 2001 मध्ये बँक ऑफ मदुरा घेतली होती. 2002 मध्ये तर जिनं तिला जन्म दिला ती मूळ संस्थाच पोटात घेतली, म्हणजे लेकीनं आईला दत्तक घ्यावं तसं. 2003 मध्ये लंडनला आणि कॅनडात बँका काढल्या. सांगलीनंतर 2010 मध्ये बँक ऑफ राजस्थान.

"म्हंजे मामंजींचं पैसं लंडनला गेलं?"

हसलो, पण अगदीच चूक म्हणता येईना.

कॅल्क्युलेटर ओढला. विलीनीकरणात सांगली बँकेच्या 925 शेअरना आयसीआयसीआयचे 100, म्हणजे 185 चे 20. 2014 मध्ये एकाचे पाच झाले, 100. 2017 मध्ये दहाला एक बोनस, 110. सात वर्षं लाभांश उचलला नाही की शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात, म्हणून त्यांच्या साइटवर शोधलं. तिसऱ्या प्रयत्नात सासऱ्यांचं नाव आलं, स्पेलिंग चुकलेलं, फोलिओ तोच. पुढे आकडा 110. मी खुर्चीतून उठलोच. त्या दिवशीच्या भावानं रक्कम लाखाच्या वर जात होती.

मग नेहमीचं सांगितलं : मृत्यूचा दाखला, वारस दाखला, त्या निधीकडून शेअर परत मागायचा आयईपीएफ-5 अर्ज, सगळ्या वारसांच्या सह्या.

"सगळ्या म्हंजे?"

दोन दीर, दोन नणंदा. थोरल्या नणंदेशी वाटणीपासून बोलणं बंद. काकू वाळत घातलेल्या कागदांकडे बघत बसल्या. मी चहा सांगितला. तो येऊन गार झाला.

"फोन तुमीच लावा," म्हणाल्या, आणि डायरी न उघडता नणंदेचा नंबर सांगायला लागल्या.