रांगेत उभे न राहता मिळणारी मदत

लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि जुलै महिन्यात माझ्या टेबलासमोर बसून एक वाक्य बहुतेक जण म्हणतात: ‘आम्ही कर भरायचा आणि सरकारने तो फुकट वाटायचा.’ २०२४ साली लाडकी बहीण योजना आल्यापासून हे वाक्य अधिकच त्वेषाने उच्चारले जाते. महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये, एखाद्या बाईच्या खात्यात जमा होतात, याचा राग मनात धरून ही मंडळी स्वतःच्या गृहकर्जाचे व्याज प्रमाणपत्र माझ्यापुढे सरकवतात.

त्या प्रमाणपत्राचा हिशोब एकदा नीट मांडायला हवा. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील २ लाखांपर्यंतचे व्याज आणि कलम ८०सी खालील दीड लाखाची गुंतवणूक उत्पन्नातून वजा होते. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाचा यामुळे उपकरासह १,०९,२०० रुपये कर वाचतो. तीच वजावट वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदाराने घेतली, तर त्याचे ७२,८०० रुपये वाचतात आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणजे जितकी मिळकत मोठी तितकी सरकारी मदत मोठी, अशी ही रचना आहे. केंद्र सरकार २००६ सालापासून अशा सवलतींमुळे बुडणाऱ्या महसुलाचे विवरण अर्थसंकल्पासोबत मांडत आले आहे, त्यामुळे हा खर्च असल्याचे सरकारलाही मान्य आहे. फक्त हे पैसे खात्यात जमा होत नाहीत, खात्यातून जायचे थांबतात, आणि तेवढ्या फरकावर एक जण करदाता ठरतो व दुसरा लाभार्थी.

‘पण तो पैसा आमच्याच कष्टाचा आहे,’ हे उत्तर मी ऐकत आले आहे आणि त्यातला कष्टाचा भाग मला मान्य आहे. मात्र साबणाच्या वडीवरचा जीएसटी आणि एसटीच्या तिकिटात मुरलेला डिझेलवरचा कर पिवळे रेशनकार्ड असलेली बाईही भरते, हे त्या उत्तरात येत नाही. शिवाय सरकारी मदत घेताना मध्यमवर्गाला कधी संकोच वाटला, असेही दिसत नाही. गॅस सिलिंडरवरचे अनुदान कित्येक वर्षे बंगल्यापासून चाळीपर्यंत सर्वांच्या स्वयंपाकघरात येत होते. २०१५ साली ते स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन झाले, तेव्हा सोडणाऱ्यांचे जाहीर कौतुक झाले, पण तोवर ते घेत असल्याबद्दल कोणी कोणाला फुकट्या म्हटले नव्हते.

आमच्या आळीतल्या एका काकूंचे यजमान गेले, तेव्हा त्या पापड लाटून घर चालवत होत्या. एकुलती एक मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा, असे मी त्यांना सुचवले. ‘निराधार म्हणून नाव लावून घेऊ का गं? जावयाच्या घरी कळलं तर काय म्हणतील?’ एवढेच त्या म्हणाल्या आणि वर्षभर तो विषय त्यांनी काढू दिला नाही. शेवटी गुडघे थकले तेव्हा त्या तयार झाल्या. अर्ज केला तेव्हा कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये होती, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दाखल्यासाठी गेलो, तर माणसांनी भरलेल्या खोलीत त्यांना विचारले गेले, ‘पापडाचे किती मिळतात? मुलगी पैसे पाठवते का? मग खाता काय?’ काकू पदराचे टोक बोटाला गुंडाळत उत्तरे देत होत्या, आणि मागे उभी असलेली ओळखीची माणसे ती ऐकत होती.

माझ्याकडे येणाऱ्या एकालाही असे चारचौघांत कधी उभे राहावे लागलेले नाही. त्यांची भाडेपावती, विम्याचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, सारे बंद पाकिटातून येते आणि गुप्त राहते. काही वर्षांपूर्वी राजस्थानात रेशन घेणाऱ्यांच्या घरांच्या भिंतींवर, हे गरीब कुटुंब आहे, असे रंगवले गेले होते. करसवलत घेणाऱ्याच्या फाटकावर तशी पाटी लावण्याची कल्पनाही कोणी करणार नाही, आणि करूही नये.

महाराष्ट्राला याहून चांगली रीत ठाऊक होती, म्हणून मला अधिक वाईट वाटते. १९७२ च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी योजना चालवण्यासाठी १९७५ साली शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. पगाराच्या चिठ्ठीवर तो आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जातो. मागेल त्याला काम देणे ही सरकारची कायदेशीर जबाबदारी ठरली. खडी फोडणाऱ्या माणसाने तो पैसा हक्काने घेतला, आणि पगारदाराने आपला वाटा दिला.

काकूंना आता महिन्याचे पैसे मिळतात. बँकेत मात्र त्या दुपारच्या वेळी, गर्दी नसताना जातात. मी यंदापासून विवरणपत्राच्या प्रतीसोबत प्रत्येकाला एक वेगळा कागद देते, ज्यावर सवलतींमुळे त्याचा वाचलेला एकूण कर लिहिलेला असतो. त्या आकड्याच्या वर मी ‘या वर्षी मिळालेली सरकारी मदत’ असे लिहिते. काहींनी तो मथळा खोडायला सांगितले. मी खोडलेला नाही.