बाई, तो बिंदू बाहेर पळाला!

बी.एड.च्या इंटर्नशिपसाठी सध्या ऐरोलीच्या एका शाळेत जातेय. आज आठवीला त्रिकोणाचे शिरोलंब (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब) आणि मध्यगा (शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्याशी जोडणारी रेषा) शिकवले, जिओजेब्रा वापरून. यात पडद्यावर काढलेली आकृती माउसने ओढून बदलता येते. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर शाळेत मोफत वापरता येतं.

प्रोजेक्टरवर लघुकोन त्रिकोण काढला, तिन्ही शिरोलंब टाकले. ते तिन्ही जिथे मिळतात तो संपातबिंदू आत. मग एका मुलीच्या हातात माउस दिला आणि म्हटलं, वरचा शिरोबिंदू हळूहळू खाली ओढ. तिथला कोन वाढत गेला, काटकोन होताच संपातबिंदू बरोब्बर त्या शिरोबिंदूवर आला आणि पुढे सरळ त्रिकोणाबाहेर! "बाई, तो पळाला!" अख्खा वर्ग उभा. फळ्यावर तीन वेगळ्या आकृत्या काढल्या असत्या तर मुलांनी तीन वेगळे नियम पाठ केले असते. इथे एकच त्रिकोण त्यांच्या डोळ्यांदेखत बदलला.

मध्यगांचा संपात मात्र कितीही ओढा, आतच. "हा का नाही जात?" हे मुलांनीच विचारलं. किती छान वाटलं म्हणून सांगू!

नंतर प्रोजेक्टर मुद्दाम बंद केला आणि वहीत पट्टी-गुण्या घेऊन तेच काढायला लावलं. विशालकोन त्रिकोणात लंब टाकायला आधी बाजू वाढवून घ्यावी लागते, ते हाताने केल्याशिवाय बसत नाही. सगळ्या बी.एड.वाल्यांना सांगेन, ही वेळ कापू नका.

उद्या संपातबिंदूमुळे होणारे मध्यगेचे दोन भाग मोजून २:१ येतं का ते बघणार. आधी वहीत, मग पडद्यावर.