भोंग्याचा एकच सूर

भरतीचे पाणी अडवणारे व्हेनिसचे मोझे दरवाजे ३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रथमच प्रत्यक्ष भरतीसमोर उभे राहिले. मी सांगतो आहे तो दिवस त्याआधीच्या एका नोव्हेंबरमधला आहे. अठ्ठावीस जणांचा गट घेऊन मी टूर लीडर म्हणून व्हेनिसमध्ये होतो. तिथे स्मारकांची माहिती परवानाधारक स्थानिक गाइडने सांगायची असते, त्यामुळे माणसे मोजणे आणि वेळा सांभाळणे एवढेच माझ्याकडे उरते.

सकाळी नाश्त्याच्या वेळी भरतीचा इशारा देणारा भोंगा वाजला. आधी युद्धाच्या चित्रपटात ऐकू येतो तसा आवाज आणि त्यामागून एकच लांबलचक सूर. हा एक सूर म्हणजे पाणी ११० सेंटीमीटरपर्यंत चढणार. पाणी जसे वाढणार असेल तसे सूर वाढत जाऊन १४० च्या पुढे चार होतात. मी घाईत तो आकडा गटाला तसाच सांगून टाकला आणि सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी स्वतःच्या कमरेकडे पाहून जाहीर केले, "मी खोलीतच बसते बाबा."

गाइडबाईंनी आल्याबरोबर माझी चूक निस्तरली. पाण्याची उंची रस्त्यापासून नव्हे, तर पुंता देल्ला सालूते येथील मापकावर, १८९७ साली ठरवलेल्या समुद्रपातळीपासून मोजतात. सेंट मार्कचा चौक शहरातल्या सर्वांत सखल जागांपैकी एक असला, तरी त्या शून्यापासून साधारण ऐंशी सेंटीमीटर वर आहे, म्हणजे तिथे पाणी जेमतेम तीस सेंटीमीटर साचणार. "मग ढोपराखालीच की," असे म्हणून आजी उठल्या.

भरती पुरती चढण्याआधी चौक पाहून घ्यावा म्हणून गाइडबाईंनी क्रम उलटा केला. चौकात फळ्यांचे उंच मार्ग मांडलेले होते. त्यांवरून दोन रांगा कशाबशा जातात आणि एकजण फोटोसाठी थांबला की मागचे शंभर जण खोळंबतात. आमच्यातलेच दोघे थांबले, हे कबूल केलेले बरे. पलीकडे पोहोचून मी मोजले, तर सत्तावीस भरले.

आजी मागे राहिल्या होत्या. फेरीवाल्याकडून घेतलेले प्लास्टिकचे बूट चपलांवर चढवून त्या फळीवरून खाली उतरल्या होत्या आणि करड्या फरशीतल्या एका पांढऱ्या दगडाकडे वाकून पाहत होत्या. तो दगड गटाराच्या तोंडाचा होता; त्याच्या भोकांतून बुडबुडे येत होते आणि प्रत्येक बुडबुड्याबरोबर पाण्याची एक पातळ चकती फरशीवर पसरत होती. पावसाचे पाणी ज्या वाटेने शहराभोवतीच्या खाजणात जायचे, त्याच वाटेने खाजण वर येत होते. मी कित्येकदा त्या चौकात आलो होतो, पण पाणी काठावरून चढून येते असेच समजत होतो.

"अरे, हे तर खालून येतंय," आजी म्हणाल्या. "दारात वाळूची पोती लावून काय उपयोग?"

मी गाइडबाईंना तो प्रश्न भाषांतर करून सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की म्हणूनच इथल्या अनेक दुकानांत दाराला फळी असते आणि आत पंपही असतो.

दुपारी ओहोटी लागल्यावर आम्ही त्याच वाटेने परतलो, तेव्हा एक दुकानदार पाणी ओसरलेली फरशी पुन्हा गोड्या पाण्याने धूत होता, कारण मीठ राहिले तर दगड आणि विटा आतून पोखरल्या जातात.