कळ्ळें, सर!

पुण्यात कायद्याची पदवी घेऊन मी डिचोलीला घरी परतले आणि म्हापशातल्या एका जुन्याजाणत्या वकिलांकडे ज्युनियर म्हणून जाऊ लागले. सर काम सांगायचे, शेवटी 'कळ्ळें मगो?' विचारायचे, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी 'कळ्ळें, सर' म्हणून मोकळी! निम्म्या वेळा काही कळलेलं नसायचं.

हे उघडं पडलं एका इन्व्हेंटरीत, म्हणजे वारलेल्या माणसाची मिळकत वारसांत वाटायच्या कोर्टातल्या प्रकरणात. म्हातारे गृहस्थ वारलेले, मागे तीन मुलगे, दोन मुली, घर आणि एक भाट, म्हणजे नारळीची बाग. वारसांची यादी मी करायची होती. पुण्यात घोकलेला हिंदू वारसा कायदा इथे चालत नाही, इथे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि वारसाहक्कापुरता गोव्याचा स्वतःचा २०१२चा कायदा, एवढं मला ठाऊक होतं. मुलींनाही सारखाच वाटा, म्हणून पाचही नावं ऐटीत लिहिली. सरांनी कागद उलटा करून पेन्सिलीने वंशवृक्ष काढला आणि प्रत्येक नावाशेजारी एक रिकामं वर्तुळ. "हे कोण?"

मला सांगता येईना. सुना आणि जावई! लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथे नवरा-बायकोची मिळकत सामाईक, निम्मी-निम्मी. त्यामुळे वारसांचे जोडीदारही प्रकरणात यावे लागतात. "काल कळ्ळें म्हणाली होतीस," एवढंच बोलून त्यांनी फाईल परत दिली.

शुक्रवार होता. घरी जाताना बसमध्ये, बाजार करून निघालेल्या बायकांच्या पिशव्यांमध्ये मी अस्नोड्यापर्यंत उभी. आधी रागच आला, नीट सांगायला काय झालं होतं यांना? मग आठवलं, सांगितलं होतं. मी मान डोलवत होते तेव्हाच.

त्यानंतर 'कळ्ळें' बंद केलं. त्याऐवजी, "म्हणजे सर, आधी मी असं करणार, मग तसं," असं माझ्या शब्दांत परत सांगायचं. पहिल्यांदा शाळेत कविता म्हणून दाखवल्यासारखं वाटलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि तीनातली एक गोष्ट बदलली. दुसरं म्हणजे, 'यात काय करू?' विचारत जायचं सोडलं. अर्ध्या पानावर अडचण, मला सुचलेलं उत्तर आणि कायद्यातलं कलम लिहून न्यायचं. उत्तर बऱ्याचदा चुकायचं, पण त्यांना खोडायला काहीतरी मिळायचं. वेळही कळली : सकाळी कोर्टाआधी तोंड उघडायचं नाही, संध्याकाळी चहा आला की विचारायचं.

याच सवयीने एकदा मोठी गोष्ट हाती लागली. इन्व्हेंटरीत वारस मिळकतीसाठी आपापसात बोली लावतात. ज्याच्या वाट्याला हिश्शापेक्षा जास्त जातं, त्याने बाकीच्यांना फरक द्यायचा. एका बोलीत सरांनी आमच्या पक्षकाराला मध्येच थांबवलं. मी अंदाज लिहिला : फरकाचे पैसे उभे राहणार नाहीत म्हणून. सर हसले. "पैसे आहेत त्याच्याकडे. पण त्या जागेत मुंडकाराचं घर आहे, ते पाहिलंस?" मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणारा. त्याला १९७५च्या कायद्याने संरक्षण, सहजासहजी उठवता येत नाही, राहतं घर विकत घ्यायचा हक्कही त्याचाच. तेव्हा मोकळ्या भाटाचा भाव त्या जागेला कोण देणार? अंदाज लिहिला नसता तर हे विचारायचं सुचलंच नसतं.

सगळंच काही मी उचललं नाही. त्यांच्या नोटिशीतलं एकेक वाक्य पान भरून चालतं. मी तोडून लिहिते, ते कुरकुरतात, मग सही करतात.

एका बाबतीत मात्र माझा भित्रेपणा लवकर सुटला नाही. रोजच्या बसभाड्यातच हातातले पैसे संपायचे. कलमं धडाधड विचारणारी मी, पण हे बोलायला आठ महिने घेतले. तेही चहाच्या वेळी, खाली बघत. सरांनी कप खाली ठेवला.

"आदींच सांगपाचें न्हय?"