म्हातारी माणसं खरं सांगतात का?

मी म्हाताऱ्या माणसांच्या सर्वेक्षणाचं काम करते. ती खरं सांगतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही काही पहिले नाहीत. लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत शेजारच्या सीटवरून विचारतात, माझ्या मामांनी तर दोनदा विचारलं. विद्यापीठात बसून आमचे आकडे तपासणाऱ्या एका हुशार मुलानेही एकदा फोनवर विचारलं, "ताई, ही खेड्यातली म्हातारी माणसं खरं सांगतात का हो? यांना वयसुद्धा धड सांगता येत नाही."

आजवर "सांगतात की" एवढंच म्हणून मी विषय बदलत आले. ते उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

गावाचं नाव लिहिणार नाही, तालुकाही नाही. अमरावती आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत मी घरोघर फिरते, एवढं पुरे. आमच्या सर्वेक्षणात काय काय विचारतात याचा पाढा वाचत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांसोबत केलेला 'लासी' हा म्हातारपणाचा अभ्यास बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांपुढची ७२ हजारांवर माणसं त्यात आली. आमचा अभ्यास त्यापुढे चिमुकला, पण घडण तीच. एकदा विचारून मोकळं होता येत नाही, काही वर्षांनी त्याच माणसाच्या दारात परत जावं लागतं. मिशिगन विद्यापीठ अमेरिकेत १९९२ पासून दर दोन वर्षांनी हेच करत आलंय. माणूस कसा म्हातारा होत जातो ते एका भेटीत दिसत नाही.

खरं सांगतात का म्हणता? एकदा माझ्यासोबत चला. छपरीत बाजेवर बसलेल्या बाबाजींच्या हातात मी पकड मोजायचं यंत्र देते. पूर्ण ताकदीने दाबा म्हटलं की ते बिचकतात, मोडलं तर काय घ्या. मग मी सांगते, म्हशीची धार काढता तसं आवळा. ते आवळतात, काट्याकडे पाहतात आणि म्हणतात, "पह्यले असतं तं मोडलंच असतं." यात खोटं कुठे आहे? एका मिनिटात आठवतील तेवढ्या जनावरांची नावं सांगा, असा एक प्रश्न आहे. एका आजोबांनी आपल्या बैलांपासून सुरुवात केली. हिऱ्या, सर्ज्या, मोत्या, मग विकलेले, मग मेलेले. शेवटच्याचं नाव घेताना ते थांबले आणि मिनिट संपलं. नियमाने सगळे मिळून 'बैल', म्हणजे एक. मी एक लिहिला. आकड्यात त्यांची आठवण कमी भरली. आज तारीख कोणती, याला आजीबाई म्हणतात, "तारीख नाही मालूम, पन चतुर्थी हाय, उपास हाय माया." ही उत्तरं चुकीची धरायची की बरोबर, हा आमचा प्रश्न आहे. त्यांनी त्यांच्याकडचं दिलं.

आणि जे कुणालाच सांगू नये तेही सांगतात. सून पाण्याला गेली की आवाज खाली येतो, मग जेवण किती वेळा मिळतं ते कळतं. खोटं ऐकायला मिळतंच, पण बहुधा दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडून. "त्याले काही समजत नाही, मले विचारा." म्हातारा दोन हातांच्या अंतरावर बसून सगळं ऐकत असतो.

वयाचं म्हणाल तर तिथे मला रागच येतो. वय माहीत नसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. यांच्या जन्माची नोंद असलीच तर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, म्हणजे कोतवाल बुकात, आणि तिथेही पुष्कळदा 'अमक्याला मुलगी झाली' एवढंच, नावाविना. बाईची नोंद माहेरच्या गावच्या बुकात, बापाच्या नावाखाली, आणि ती स्वतः पन्नास वर्षं सासरी. आधारच्या कॅम्पात पोरगा विचारतो, वय किती? ती म्हणते, असेन साठ-पासष्ट. तो हिशोबाने साल टाकतो आणि तारीख पडते १ जानेवारी. लोकसंख्याशास्त्रात यासाठी व्हिपल निर्देशांक आहे. शून्यावर आणि पाचवर संपणारी वयं किती फुगली आहेत ते तो मोजतो. फुगवटा नसेल तर १००, सगळ्यांनीच तशी वयं सांगितली तर ५००. म्हणजे हा गोंधळ जगाला जुनाच ठाऊक आहे, त्यासाठी माझ्या आज्यांना खोटारड्या म्हणायची गरज नाही.

म्हणून आम्ही वय विचारत बसत नाही, काढतो. घटना सांगायच्या आणि विचारायचं, तेव्हा तुम्ही केवढ्या होत्या? १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा. त्याच वर्षी २० डिसेंबरला वलगावजवळ गाडगेबाबा गेले. १९६८ च्या ऑक्टोबरात मोझरीला तुकडोजी महाराज गेले. १९७२ चा दुष्काळ. आणीबाणी. माणूस बोलायला लागतो आणि वय आपोआप वर येतं. माझ्या कामातला हा मला सगळ्यात आवडणारा भाग होता. मला तो चांगला जमायचाही.

डिसेंबर २०१९. आजी दारात बसून कापसातला काडीकचरा वेचत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कामाला दुसरीकडे. कार्डावर जन्मसाल १९५३, म्हणजे पुरी सहासष्ट. मी दुष्काळाचं विचारलं. "खडी फोडाले जात होती मी मायसंग," त्या म्हणाल्या. "मुकादम म्हने, पोरगी बारकी हाय, अर्धीच हजेरी मांडीन. लाल मिलोच्या भाकरी होत्या, घशात उतरत नव्हत्या." आणि तुकडोजी महाराज गेले तेव्हा? "माया बाप मोझरीले पायी गेला. मी मागं लागली, त्यानं नेलं नाही. दारात लोळून रडली मी." थोरला मुलगा कधीचा? "इंदिराबाई पडली त्या सालचा." म्हणजे निवडणूक हरल्या ते १९७७.

तिन्ही धागे एकाच गाठीला येत होते. जन्म १९६० च्या आसपास. इतकं नीट क्वचित जुळतं. मी आनंदाने बोलून गेले, "आजी, तुम्ही तर साठच्या आत आहात!"

त्या हसल्या. मग कापसातला हात थांबला.

"हे लिहू नको पोरी. पगार बंद होईन माया."

पगार म्हणजे सरकारच्या श्रावणबाळ योजनेचं महिन्याचं निवृत्तिवेतन. ते पासष्टच्या पुढे मिळतं. त्याच वर्षी सहाशेचे हजार झाले होते. मी हातातलं सगळं बाजूला ठेवलं आणि समजावलं. तुमच्या उत्तरांवर नाव नसतं, नंबर असतो. नावांची यादी वेगळी, कुलपात. तहसीलदारांनी मागितलं तरी देत नाही. शिकवलं तसं सगळं सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू म्हनतं तं लिह." मी ५९ लिहिलं.

तिसऱ्या दिवशी गावातलं काम संपलं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चहा आला. घरं दाखवायला सोबत फिरलेला मुलगा होता, गावातले तीन-चार जण होते. त्यातल्या एकाने विचारलं, बुढ्या लोकाईचं वय तुम्ही काढता कसं? मी सांगायला लागले आणि रंगले. कार्डावर सहासष्ट असलेली एक आजी हिशोबाने साठच्या आत कशी निघाली ते सांगितलं. खडी, मिलो, मोझरीला गेलेला बाप, सगळं. नाव घेतलं नाही. त्या गल्लीत आम्ही चार घरं केली होती आणि एकटी राहणारी म्हातारी बाई त्यांतल्या एकाच घरात होती.

हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. चहा झाला, जीप आली, आम्ही पुढच्या गावाला गेलो.

२०२२ च्या डिसेंबरात परत गेले. आजी बाजेवर होत्या, गुडघे सुजलेले. मला ओळखलं, बस म्हणाल्या, चहा मांडला. चहात दूध नव्हतं. बोलता बोलता कळलं की जानेवारीपासून पगार बंद आहे. मुलगा दोनदा तहसीलला जाऊन आला. एकाने सांगितलं हयातीचा दाखला दिला नाही, दुसरा म्हणाला कुणाचा तरी अर्ज आला होता वयाबद्दल. कागद कुणी दाखवला नाही.

मग त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, भांडल्या नाहीत.

"पोरी, तू कोनाले सांगतलं होतं का वं?"

मी म्हणाले, "आजी, आमच्या कागदावर तुमचं नावच नसते."

त्यांनी मान हलवली. मी बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण त्यांनी कागदाबद्दल विचारलंच नव्हतं.

पुढे मुलाखत झाली. त्यांनी पुन्हा अंगठा दिला, हे मला अजून कळत नाही. दहा शब्द ऐकवले, मागून विचारले तेव्हा चार आठवले. चार मीटर चालून दाखवलं, भिंत धरून. रक्ताचा थेंबही दिला. वयावर आलो तेव्हा मी दुष्काळाचं नाव काढलं नाही, त्यांनीही नाही. "कार्डावर हाय तेच लिह," म्हणाल्या. मी ६९ लिहिलं. मागच्या फेरीशी जुळत नाही असं उत्तरं भरायच्या यंत्राने दाखवलं. 'उत्तर देणाऱ्याने सांगितले तसे' हा पर्याय दाबून मी पुढे गेले.

विद्यापीठातल्या त्या हुशार मुलाचा फोन आला तो यावरूनच. "ताई, ही बघा, तीन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारी झाली. खरं सांगतात का ही माणसं?"

मी म्हणाले, सांगतात की.

आता माझ्या बाजूनेही बोलू द्या. मी नाव घेतलं नव्हतं. त्या गावात आणखीही काहींचे पगार त्याच सुमारास अडकले होते आणि त्यांच्याबद्दल मी कुठे चकार शब्द काढला नव्हता. पडताळण्या होतच असतात. दाखला राहून गेलेला असू शकतो. ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणी तहसीलपर्यंत गेलं याचा काडीचा पुरावा नाही. २०१९ मधली मी हे सगळं अगदी पोटतिडकीने मांडेल, आणि तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. फक्त ती एका गोष्टीवर गप्प बसते. पुरावा नाही तर मग आजींना सरळ 'हो, ओट्यावर बोलले होते' असं का सांगितलं नाहीस?

कुणी असंही म्हणेल, की म्हातारीने सरकारला तरी कुठे खरं सांगितलं होतं? माझ्या बहिणीने हे मला तोंडावर विचारलं. १९५३ हे साल आजींनी निवडलेलं नव्हतं, कॅम्पातल्या पोराने टाकलेलं होतं. पुढे ते उपयोगी पडलं आणि त्यांनी ते दुरुस्त केलं नाही, हेही खरं. पण बाराव्या वर्षी अर्ध्या हजेरीवर खडी फोडायला लागलेल्या बाईचं साठ आणि माझ्या बहिणीचं होईल ते साठ एकच आहे, असं मला तरी त्या चार मीटरमध्ये दिसलं नाही. कायदा पासष्टावर बोट ठेवतो, ठेवणारच. माझं डोकं इथे येऊन थांबतं.

वरिष्ठांना मी चार महिन्यांनी सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी लिहून घेतलं आणि गोपनीयतेचं प्रशिक्षण मला पुन्हा करायला लावलं. मी केलं, सही केली. आता नवीन मुलींना मीच शिकवते. गावात चहा घ्या, पाणी घ्या, पण ओट्यावर बसून कुणाचीही गोष्ट सांगू नका, नाव न घेता तर मुळीच नको. त्या विचारतात, नाव न घेता का नको? मी सांगते की दोनशे उंबऱ्यांच्या गावात नावाची गरज पडत नाही. त्या लिहून घेतात. आणि आज मीच इथे ती गोष्ट पुन्हा सांगते आहे. बारीकसारीक बदललं आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. तरी हे लिहिताना दोनदा थांबले.

पगार सुरू झाला की नाही मला माहीत नाही. मधल्या काळात कुणाकडे खासगीत जायचं नाही, फोन करायचा नाही, हा नियम आहे. नियम होता म्हणून गेले नाही की नियम सोयीचा पडला, हेही मी ठरवू शकलेले नाही.

पुढच्या फेरीची यादी गेल्या आठवड्यात आली. त्यात तो घर क्रमांक आहे. वरिष्ठ म्हणाले, हवं तर ते घर दुसऱ्या मुलीला देतो. दुसरी गेली तर त्या कदाचित मोकळ्या बोलतील. कदाचित दारच उघडणार नाहीत. मी गेले तर या वेळी आधी मलाच एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल, मग त्यांना वय विचारायचं. शुक्रवारपर्यंत कळवा म्हणालेत.